दुष्काळी आष्टीतल्या फळबागांना बुरशी लागते तरी कशी?

बाजारातून आणलेलं डाळिंब वरून लालबुंद, हाताला वजनदार, सालीवर एकही डाग नाही. घरी येऊन फोडलं तर आतले दाणे काळपट, सडके. दुकानदाराने फसवलं असं वाटतं, पण बहुतेक वेळा दुकानदाराला हे माहीत नसतं आणि ज्याने ते पिकवलं त्या शेतकऱ्यालाही नसतं. 'अल्टरनेरिया'सारखी बुरशी फूल उमललेलं असतानाच आत शिरते. त्या दिवसांत पाऊस झाला, हवा दमट राहिली की तिचं काम सोपं होतं. पुढे ती गप्प राहते, फळ वरून छान पोसत जातं आणि आतून काळं पडतं. पाच-सहा महिन्यांपूर्वी बागेत हवा कशी होती, ते असं ताटलीत दिसतं.

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात ही गोष्ट जास्त खटकते. आष्टीची ओळखच दुष्काळी तालुका अशी आहे. बालाघाटच्या रांगा, सीना नदीचा काठ आणि पर्जन्यछायेचा प्रदेश. बीड जिल्ह्याचा वर्षाचा सरासरी पाऊस सहा-साडेसहाशे मिलिमीटरच्या घरात, आणि तोही भरवशाचा नाही. २०१८-१९ च्या दुष्काळात इथल्या जनावरांना चारा छावण्यांमध्ये न्यावं लागलं होतं. मग बुरशी, जिला ओल लागते, ती इथल्या बागांमध्ये येते कुठून?

याचं थोडक्यात उत्तर असं: बुरशीला वर्षभराच्या पावसाशी देणंघेणं नसतं. तिला हवे असतात काही ओले तास, नेमक्या वेळी. आणि हेच ओले तास आता चुकीच्या वेळी यायला लागले आहेत.

कोरडी हवा हेच भांडवल

डाळिंब आष्टीसारख्या भागात रुजलं ते योगायोगाने नाही. हे झाड मुळात इराणच्या बाजूचं, कोरड्या हवेचं. हलकी, मुरमाड जमीन त्याला चालते, पाणी कमी लागतं, ठिबकवर बाग उभी राहते. सोलापूर जिल्ह्यातलं सांगोला, नाशिकमधला कसमादे पट्टा, सांगलीतलं आटपाडी ही डाळिंबाची नावाजलेली ठिकाणंही कमी पावसाचीच. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही २००५ मध्ये सोलापुरात सुरू झालं. आष्टीच्या पट्ट्यात डाळिंबाच्या जोडीला लिंबू, मोसंबी आणि सीताफळ आहे. बीडच्या सीताफळाला तर २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

पाणी कमी असण्याचा तोटा सगळ्यांना दिसतो. फायदा मात्र लक्षात येत नाही. हवा कोरडी असली की पानं लवकर वाळतात आणि वाळलेल्या पानावर बहुतेक बुरशींचं काही चालत नाही.

डाळिंबाची आणखी एक खासियत आहे. या झाडाला फुलं कधी आणायची, हे बऱ्याच अंशी शेतकरी ठरवतो. पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, पानगळ करायची, छाटणी करायची आणि मग पाणी सोडायचं. झाड फुलावर येतं. याला 'बहार धरणं' म्हणतात. जून-जुलैत फुलं आणली तर मृग बहार, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हस्त बहार, जानेवारी-फेब्रुवारीत आंबे बहार.

रोगाच्या हिशेबाने यातला मृग बहार सगळ्यात जोखमीचा, कारण फुलं आणि कोवळी फळं भर पावसाळ्यात येतात. आंबे बहारात फुलं कोरड्या हवेत येतात, पण फळ पोसायला मार्च ते मे असं ऐन उन्हाळ्यात पाणी लागतं. आष्टीत नेमकं तेव्हाच विहिरी तळ गाठतात. ज्याच्याकडे शेततळं आहे तो आंबे बहार धरू शकतो. ज्याच्याकडे नाही, त्याला पावसाच्या पाण्यावर मृग बहारच धरावा लागतो. म्हणजे पाण्याची टंचाईच शेतकऱ्याला रोगाच्या हंगामात ढकलते. '२०१६ पासूनच्या मागेल त्याला शेततळे' योजनेकडे एरवी फक्त सिंचनाची योजना म्हणून पाहिलं जातं, पण बागेतला रोग टाळण्यातही शेततळ्याचा मोठा वाटा असतो.

पान किती तास ओलं होतं?

बुरशीचे बीजाणू वाऱ्याबरोबर, पावसाच्या थेंबांबरोबर सगळीकडे फिरत असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. बागेत गळून पडलेली पानं, झाडावर वाळून राहिलेली जुनी फळं, छाटलेल्या काड्या यांत ते महिनोन्महिने टिकतात. बीजाणू पानावर पडला म्हणून रोग होत नाही. तो रुजावा लागतो आणि रुजायला पानावर पाण्याचा थर लागतो, काही तास सलग.

हे तास मोजायची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या डब्ल्यू. डी. मिल्स यांनी सफरचंदावरच्या खपली रोगासाठी एक तक्ता तयार केला, तो १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. इतकं तापमान असेल आणि पान इतके तास ओलं राहिलं तर रोग लागणार, असा साधा हिशेब. पाऊस किती मिलिमीटर झाला याला त्यात फारसं महत्त्व नव्हतं. जगभरात रोगांचा अंदाज देणाऱ्या अनेक पद्धतींच्या मुळाशी आजही हाच विचार आहे.

आता हे आष्टीत लावून पाहू. दुपारी तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस कोसळला आणि मग कडक ऊन पडलं, तर पानं दोन-तीन तासांत वाळतात. दुसरीकडे दिवसभर नुसती भुरभुर, पावसाची नोंद जेमतेम ५ मिलिमीटर, आभाळ गच्च, रात्री धुकं. अशा वेळी पान अठरा-वीस तास ओलं राहू शकतं. दुष्काळाच्या हिशेबात हा पाऊस जवळजवळ शून्य, पण बुरशीसाठी हीच मेजवानी. 'पाऊस तर झालाच नाही, मग डाग कशाने पडले?' या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

फळांवर काळे डाग पाडणाऱ्या 'सर्कोस्पोरा' आणि करपा आणणाऱ्या 'कोलेटोट्रायकम' या बुरशींना अशी उबदार, दमट हवा मानवते. २५ ते ३० अंश तापमान आणि ओलं पान एवढं त्यांना पुरतं. जुलै ते सप्टेंबरमधला मराठवाडा म्हणजे नेमकं हेच.

भुरी रोग मात्र याला अपवाद आहे. तिच्या बीजाणूंना रुजायला पाण्याचा थर लागत नाही, उलट जोराच्या पावसाने ते धुऊन जातात. दिवसा कोरडं, रात्री गारवा आणि दमटपणा, असं वातावरण तिला आवडतं. म्हणून आंब्याच्या मोहोरावर ती ऐन हिवाळ्यात येते आणि थोडे ढग आले तरी केसर आंबावाले धास्तावतात.

मग बदललं काय?

तीन गोष्टी एकाच वेळी होत आहेत.

पहिली, पावसाची तऱ्हा. पुण्यातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २०१७ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आला. मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात मोठ्या क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिमुसळधार पावसाच्या घटना तिपटीने वाढल्याचं त्यात दिसलं. हवा १ अंशाने तापली की तिची बाष्प धरायची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. ते बाष्प कधीतरी खाली येतंच.

दुसरी, पाऊस जायची वेळ. हवामान विभागाने २०२० मध्ये मान्सूनच्या सर्वसाधारण तारखा बदलल्या. वायव्य भारतातून मान्सून परतायला सुरुवात होण्याची तारीख आधी १ सप्टेंबर होती, ती १७ सप्टेंबर झाली. मुंबईतून मान्सून जायची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. कागदावर हे आठ-दहा दिवस फार वाटत नाहीत. पण हस्त बहारासाठी बागेला ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ताण द्यायचा असतो. त्या काळात जमिनीत ओल राहिली तर ताण बसत नाही, फुलं एकसारखी येत नाहीत. आली तरी ती परतीच्या पावसात सापडतात. रोगाच्या दृष्टीने हस्त बहार हा सुरक्षित पर्याय मानला जायचा. तोच आता डळमळीत झाला आहे.

तिसरी, अवकाळी. २०२५ हे वर्ष यासाठी लक्षात राहील. त्या वर्षी मान्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. महाराष्ट्रात मे महिन्यातच दणकून पाऊस झाला. त्या वेळी आंबे बहाराची फळं काढणीच्या जवळ आलेली असतात. पुढे सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. ज्या आष्टीत छावण्या लागल्या होत्या, त्याच तालुक्यात पुरात अडकलेल्या गावकऱ्यांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं.

तिन्ही गोष्टी एकत्र केल्या तर मृग बहार आधीच ओला, हस्त बहाराला परतीच्या पावसाची धास्ती आणि आंबे बहाराला उन्हाळ्यात पाणी नाही, वर मे महिन्याचा पाऊस. शेतकऱ्याला बहार निवडायची जी मोकळीक होती, तीच आकसत चालली आहे.

अर्थात प्रत्येक डागाचं खापर हवामान बदलावर फोडणं बरोबर नाही. दाट लागवड, न छाटलेल्या फांद्या, बागेतच पडून राहिलेला कचरा आणि खात्री नसलेल्या रोपवाटिकेतून आणलेली रोपं ही कारणंही तितकीच खरी आहेत. डाळिंबासाठी साधारण साडेचार बाय तीन मीटर अंतराची शिफारस आहे. त्यापेक्षा जवळ झाडं लावली की आत वारा खेळत नाही आणि पान वाळायला उशीर होतो. हवामान कुणाच्या हातात नाही, अंतर मात्र आहे.

तेल्या म्हणजे बुरशी नाही

इथे सगळ्यात महागात पडणारा गोंधळ होतो.

डाळिंबाचा सर्वात बदनाम रोग म्हणजे तेल्या, कृषी खात्याच्या भाषेत तेलकट डाग रोग. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ मध्ये दिल्लीत झाली. महाराष्ट्रात त्याने २००० नंतरच्या दशकात धुमाकूळ घातला आणि अनेकांनी बागा उपटल्या. हा रोग बुरशीमुळे होत नाही. तो 'झॅन्थोमोनास' नावाच्या जिवाणूमुळे होतो.

याने काय फरक पडतो? सगळाच. बुरशीनाशकं बुरशीच्या पेशींवर काम करतात. जिवाणूची रचना वेगळी असल्याने त्यातली बहुतेक औषधं त्याच्यावर निरुपयोगी ठरतात. तांबेयुक्त औषधं हा यातला मोठा अपवाद, ती दोन्हींवर काही प्रमाणात चालतात. पण डाग दिसला की कृषी सेवा केंद्रात जायचं, फोनमधला फोटो दाखवायचा आणि दुकानदार देईल ते फवारायचं, असा अनेक ठिकाणचा रिवाज आहे. औषध चुकलं तर पैसे जातातच, शिवाय रोगाला आठ-दहा दिवसांची मोकळीक मिळते.

ओळखायचं कसं? तेल्याचा डाग सुरुवातीला पाण्याने भिजल्यासारखा, तेलकट दिसतो. पान उजेडासमोर धरलं की तो जास्त स्पष्ट होतो. फळावर डाग वाढले की तिथे साल तडकते आणि ती चीर इंग्रजी 'एल' किंवा 'वाय' अक्षरासारखी दिसते. बुरशीचे डाग बहुतेक कोरडे असतात. सर्कोस्पोराचे छोटे, काळे, न तडकणारे. करप्याचे थोडे खोलगट. दोन्ही रोग एकाच फळावर असू शकतात आणि तेव्हा नुसत्या नजरेवर विसंबणं धोक्याचं. अशा वेळी नमुना कृषी विज्ञान केंद्रात दाखवावा. बीड जिल्ह्यात अंबाजोगाई आणि गेवराई तालुक्यातल्या खामगाव इथे अशी केंद्रं आहेत. आष्टीहून दोन्ही लांब पडतात, हीही अडचण आहेच.

कागदी लिंबावरच्या खैऱ्या रोगाचंही असंच. खरबरीत, खपलीसारखे डाग पाहून तो बुरशीचा वाटतो, पण तोही झॅन्थोमोनासच्याच कुळातला जिवाणू आहे.

झाडच मारणारी बुरशी

डागांमुळे फळाचा भाव पडतो. मर रोगाने झाडच जातं.

एका फांदीची पानं पिवळी पडतात, मग दुसरीची. काही दिवसांत किंवा महिन्यांत अख्खं झाड वाळतं, फळं तशीच लटकलेली. खोड आडवं कापलं तर लाकडात तपकिरी-काळपट, चांदणीसारखे पट्टे दिसतात. 'सेराटोसिस्टिस' नावाची बुरशी पाणी वाहून नेणाऱ्या नळ्याच बंद करते. ही बुरशी मातीत राहते आणि तिला आत शिरायला जखम लागते. ही जखम सूत्रकृमी मुळांवर करतात, खोडाला टाचणीच्या टोकाएवढी भोकं पाडणारे भुंगेरे करतात आणि कधीकधी खुरपंही करतं.

सांगोल्याच्या बागायतदारांनी २०२० नंतर हा अनुभव घेतला. लागोपाठ जास्त पाऊस, जमिनीत साठलेली ओल, त्यात खोड पोखरणारा भुंगेरा आणि मर. वर्षानुवर्षं डाळिंबावर उभ्या असलेल्या गावांमध्ये बागा काढल्या गेल्या. कोरडवाहू भागाने निवडलेलं पीक जास्तीच्या पावसाने गेलं. आष्टीने पाहावं असं उदाहरण हेच आहे, कारण दोन्हीकडची हवा आणि पिकाची निवड यांत फार अंतर नाही.

मर लागलेलं झाड उपटून बागेतून ओढत नेणं ही नेहमी होणारी चूक. मुळांना चिकटलेली माती वाटभर सांडते आणि बुरशी ओळीत पुढे जाते. झाड तिथेच जाळावं किंवा पोत्यात भरून बाहेर न्यावं, आणि शेजारच्या निरोगी दिसणाऱ्या झाडांच्या बुडाशीही औषधाची आळवणी करावी, असा सल्ला दिला जातो. कारण पानं पिवळी दिसेपर्यंत बुरशी शेजारी पोहोचलेली असू शकते.

लिंबू-मोसंबीचा डिंक्या

मोसंबी किंवा लिंबाच्या बुंध्याजवळ सालीतून डिंक ओघळताना दिसला की तो डिंक्या. त्याला कारण 'फायटोप्थोरा'. या नावाचा ग्रीक अर्थच झाडांचा नाश करणारा असा आहे. याच कुळातल्या भावंडाने १८४५ पासून आयर्लंडमधलं बटाट्याचं पीक संपवलं आणि त्या दुष्काळात सुमारे १० लाख माणसं मेली. काटेकोरपणे पाहिलं तर फायटोप्थोरा ही खरी बुरशी नाही. ती शेवाळाच्या जवळची, पाण्यात पोहणारे बीजाणू सोडणारी बुरशीसारखी जात आहे. हा नुसता पुस्तकी फरक नाही. अनेक शेतकरी सवयीने वापरतात ते कार्बेन्डाझिम या जातीवर चालत नाही.

बीजाणू पोहत जातात, म्हणून इथे सगळा खेळ पाण्याचा. पाटाने पाणी देताना ते बुंध्याला लागलं, खोडाशी मातीची भर घातली, कलमाचा जोड मातीत गाडला गेला की डिंक्याला दार उघडतं. बुंध्याभोवती मातीचं छोटं कडं करून पाणी बाहेरच्या आळ्यात सोडणं, म्हणजे दुहेरी आळं, हा जुना आणि स्वस्त उपाय. रंगपूर लाईमच्या खुंटावरची कलमं जंबेरीपेक्षा या रोगाला जास्त तोंड देतात. पावसाळ्याआधी आणि नंतर बुंध्याला बोर्डो पेस्ट लावली जाते.

चोरांमुळे सापडलेलं औषध

हे बोर्डो म्हणजे फ्रान्समधलं बोर्डो शहर. १८७८ च्या सुमारास अमेरिकेतून द्राक्षावरचा केवडा रोग युरोपात पोहोचला आणि फ्रान्सच्या बागा धोक्यात आल्या. पियर मिलार्दे नावाच्या प्राध्यापकांना १८८२ मध्ये एक विचित्र गोष्ट दिसली. रस्त्याकडेच्या वेलींची पानं शाबूत होती, आतल्या वेलींची झडली होती. वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून मालकाने कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडला होता, फळं विषारी वाटावीत म्हणून. मिलार्दे यांनी प्रयोग करून १८८५ मध्ये हे मिश्रण जगासमोर ठेवलं.

आज आष्टीतला शेतकरीही तेच वापरतो. एक टक्क्याच्या मिश्रणाला १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी. पेस्टसाठी तेवढ्याच मोरचूद-चुन्याला फक्त १० लिटर. दोन्ही वेगवेगळे विरघळवायचे, धातूच्या भांड्यात नाही, प्लास्टिकच्या. मग एकत्र करायचे आणि त्यात स्वच्छ लोखंडी खिळा किंवा विळा बुडवून पाहायचा. लोखंडावर तांबूस थर आला तर मिश्रण आम्लधर्मी आहे. तसंच फवारलं तर पानं जळतात, म्हणून आणखी चुना घालायचा. आणि केलं त्याच दिवशी संपवायचं.

नवी औषधं याहून प्रभावी आहेत, पण एकाच गटाचं औषध पुन्हा पुन्हा मारलं तर बुरशी त्याला सरावते. पावसाळ्यात फवारा धुऊन जातो, शेतकरी पुन्हा फवारतो, म्हणजे हवामान बिघडलं की हा धोकाही वाढतो.

विम्याचा मापक काय मोजतो?

महाराष्ट्रात फळबागांसाठी हवामान आधारित फळपीक विमा योजना आहे. तिची भरपाई बागेतलं नुकसान पाहून ठरत नाही. महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राने नोंदवलेले आकडे ठरलेल्या निकषात बसले तर पैसे मिळतात. हे निकष प्रामुख्याने पाऊस आणि तापमानाचे असतात. पान किती तास ओलं होतं, हा त्यातला निकष नाही. म्हणजे चार दिवसांच्या भुरभुरीने बाग डागाळली, पण मंडळातल्या केंद्रावर पावसाचा आकडा भरला नाही, तर शेतकऱ्याच्या हाती काहीच येत नाही. शिवाय ही योजना मृग आणि आंबिया या दोन बहारांपुरती असते.

नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात काही बागायतदारांनी पानांचा ओलावा मोजणारी यंत्रं बागेतच बसवली आहेत. आष्टीतल्या दोन-तीन एकरवाल्याला ती परवडणं कठीण. त्याच्यासाठी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला आहे, जो मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. आणि एक फुकटचा मापक आहे: सकाळी नऊ वाजता बागेत जाऊन झाडाच्या आतल्या बाजूच्या पानांना हात लावून पाहायचा. रात्रीपासून भिजलेली पानं तेव्हाही ओली असतील आणि आभाळ भरलेलं असेल, तर त्या दिवसाची वहीत नोंद करायची. असे दोन-तीन दिवस सलग आले, तर फवारणीचा निर्णय डाग दिसायच्या आधी घेता येतो. डाग दिसेपर्यंत बुरशी आत शिरून बरेच दिवस झालेले असतात.